मोठ्या अप्पांचं तेल आणि जीपचे ब्रेक

आमच्या जळकोटच्या घरात तेल विकत आणणं हा गुन्हा होता. साखर शेजारून उसनी चालायची, पाहुणे आले की दूध निम्म्या गल्लीतून गोळा व्हायचं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पण तेल दुसऱ्याचं? घाणा आपला असताना? तसं काही झालं असतं तर मोठे अप्पा जेवणाच्या ताटावरून उठले असते आणि आठवडाभर सगळ्या घरानं त्यांचं फुगलेलं तोंड बघत बसायचं, एवढं नक्की.

मोठे अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. घराला लागून त्यांचा करडीचा घाणा होता. मी शाळेत जायच्या वयात त्याला विजेची मोटर लागलेली होती, तरी आम्ही घाणाच म्हणायचो. गरम करडीचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. आमच्या दप्तरांना तो यायचा, गोधड्यांना यायचा, शाळेत मुली माझ्या वेणीचा वास घेऊन नाक मुरडायच्या आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. आज कुणी तो वास बाटलीत भरून दिला तर तो मागेल ते द्यायला मी तयार आहे.

त्याच काळात आमच्याकडे सोयाबीन आलं. बघता बघता शिवारातली करडी कमी झाली, दुकानांत तेलाच्या चकचकीत पिशव्या लटकल्या, आणि घाण्याचं गिऱ्हाईक तुटत गेलं. मोठ्या अप्पांचं मात्र घरातल्या तेलाकडे लक्ष दुपटीनं वाढलं. सोमवारी महादेवाची पूजा झाली, कपाळाला विभूती लागली, की पितळी झारी घेऊन ते निघायचे. दारांच्या बिजागऱ्या, पाळण्याच्या कड्या, आईचं शिलाई मशीन, बैलगाडीचा आख, शेवटी माझं डोकं. तेल हवंय का असं कुणाला विचारायची पद्धत नव्हती. आमच्या घरात एकही दार कुरकुरत नसे. कोण आलं, कोण गेलं, काही कळायचं नाही.

मग अण्णांनी जीप घेतली. भूकंपानंतर किल्लारीकडे बांधकामांच्या दिवसांत ती राबली होती. तिकडची कामं आटोपल्यावर मालकानं विकायला काढली. रंग उडालेला, एक दार दोरीनं बांधलेलं, पण इंजिन झकास. अण्णा जळकोट-उदगीर शिटा भरू लागले. घाण्यानं घर चालत नव्हतं, जीपनं चालायला लागलं. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं.

पहिल्याच सोमवारी मोठे अप्पा झारी घेऊन जीपपाशी आले. "बॉनेट उघड," म्हणाले. अण्णांनी उघडलं. मोठ्या अप्पांनी ब्रेकच्या तेलाची डबी बरोबर शोधली, झाकण काढलं, बोट बुडवून दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये तेल हाय व्हय?"

"ब्रेक ऑईल हाय, अप्पा. दुकानात मिळतंय."

"कामून दुकानातून आनायचं? मला काय समजत न्हाई व्हय? जवानीत लॉरीवर फिरलोय मी. आमचा डायवर एरंडाचं तेल अन् स्पिरिट मिसळून घालायचा. ब्रेक कसा लागायचा, म्हाइतंय?"

यात खोटं काही नव्हतं. त्या काळी एरंडेलाचंच ब्रेक ऑईल असायचं, हे मला फार पुढे कळलं. त्यांनी घरचं एरंडेल आणलं आणि डबीत घातलं. गाडी चालली. थंडीत सकाळी पेडल जरा जड जायचं, पण चालली. मोठ्या अप्पांची मान ताठ झाली. घाण्याला एक गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि तेही घरचंच, पळून न जाणारं.

अण्णांना ते पटत नव्हतं. पण थोरल्या भावाला ते आयुष्यात कधी 'नाही' म्हणाले नव्हते, आणि ब्रेकच्या डबीवरून सुरुवात करायची त्यांची हिंमत नव्हती. मला लहानपणी याचा फार संताप यायचा. एवढा मोठा माणूस, जीप चालवतो, रस्त्यात आडव्या आलेल्या ट्रकवाल्याला शिव्या घालतो, आणि घरात नुसतं "हाव अप्पा, बरं अप्पा."

आईची तऱ्हा तर त्याहून वेगळी. थोरल्या दिरासमोर बाईनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन आल्यापासून आई मोठ्या अप्पांशी थेट एक शब्द बोलली नव्हती, आणि तेही तिच्याशी. सगळा कारभार आमच्या मार्फत. आई स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणायची, "तुझ्या मोठ्या अप्पांना म्हणावं, भाकरी वाढली." दोन हातांवर बसलेले मोठे अप्पा सगळं ऐकून मला म्हणायचे, "म्हणावं, जरा शेंगदान्याची चटणी बी दे." मी मध्ये उभी. काही सांगायची गरजच नसायची, पण उभं राहावं लागायचं. घरात एकही पोर नसलं तर आई म्हशीला उद्देशून बोलायची, आणि मोठे अप्पाही म्हशीलाच उत्तर द्यायचे. म्हैस बिचारी रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची.

पुढे एरंडेल संपलं. एरंड कुणी लावेना. मोठ्या अप्पांनी फार विचार केला नाही; तेलासारखं तेल, म्हणून झारीत करडीचं भरलं आणि ब्रेकच्या डबीत ओतलं. दर सोमवारी थोडं थोडं.

त्या दिवशी मी अण्णांच्या शेजारी पुढे बसले होते. उदगीरला मावशीकडे जायचं होतं. मागे बाजाराला निघालेल्या बाया, टपावर कुणाच्या तरी कडब्याच्या पेंढ्या. वाटेत अण्णा पुटपुटले, "गाडी वढत न्हाई." हँडब्रेक बघितला, सुटलेलाच होता. पेडल दगडासारखं कडक झालं होतं. उतार लागला, तिथं तर गाडीनं आपोआप पळायला हवं, पण ती जणू कुणी मागून धरल्यासारखी जात होती. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "आगं माय, चाकातून धूर!"

अण्णांनी गाडी कडेला घेतली. मागच्या चाकातून निळसर धूर निघत होता आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. बाया पटापट उतरल्या. कडब्याच्या मालकानं टपावर चढून पेंढ्या खाली फेकायला सुरुवात केली, त्या फेकल्या नेमक्या चाकाजवळच. अण्णांनी असं काही ओरडून त्याला थांबवलं की तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कुणी तरी घागर घेऊन चाकाच्या तापलेल्या ड्रमवर पाणी टाकायला निघालं, ड्रम तडकेल म्हणून तेही अण्णांनी अडवलं. मग आम्ही सगळे बाभळीखाली बसून चाक निवण्याची वाट बघत राहिलो. मी अण्णांचा हात धरला, तो गार पडला होता.

उदगीरच्या मिस्त्रीनं ब्रेकचा सिलेंडर खोलला. आतली रबरी वायसरं त्यानं काढून तळहातावर घेतली. ती भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती. ब्रेक दाबला की तेल पुढं जातं आणि पाय काढला की मागं येतं. वायसर फुगलं आणि मागं यायची वाट बुजली, म्हणून ब्रेक सुटेचना आणि चाक तापत गेलं, असं त्यानं सांगितलं. मग डबीतलं तेल बोटाला लावून त्यानं हुंगलं आणि अण्णांकडे बघतच राहिला.

"ये तो भजे का तेल है, अण्णा! गाडी चलाते की हाटेल?"

मिस्त्रीनं सगळी रबरं बदलली, नळ्या स्पिरिटनं धुतल्या, दुकानातलं ब्रेक ऑईल भरलं, हवा काढली. निघताना म्हणाला, "इसमें दुसरा तेल नक्को. थेंबभर बी नक्को. आणि डबा उघडा ठेवू नका, हवेतलं पाणी पितं हे." सायलेन्सरवर गळलं तर हेही पेट घेतं, म्हणून नळ्यांचे जोड घट्ट आहेत का ते बघत जा, असंही त्यानं बजावलं.

घरी आल्यावर अण्णांनी काय करावं? उरलेला डबा खोलीतल्या हिरव्या ट्रंकेमागे लपवला. सोमवारी मोठे अप्पा झारी घेऊन आले तर म्हणाले, "काठोकाठ हाय, अप्पा, ऱ्हाऊ द्या." पुढच्या सोमवारी पहाटेच गाडी काढून निघून गेले. चाकातून धूर निघाला एवढं त्यांनी सांगितलं होतं, पण कशानं ते सांगितलं नव्हतं. आई त्यांच्यावर रात्रंदिवस करवादायची. "सांगा की एकदा! लेकरं बसत्यात त्या गाडीत." अण्णा म्हणायचे, "सांगतो." त्यांचं 'सांगतो' मी आजही ओळखते, माझा नवरा तेच वापरतो.

गौप्यस्फोट त्या डब्यानंच केला. अण्णांच्या हातून थेंब सांडला असणार. ट्रंकेचा हिरवा रंग तिथं फोड येऊन सुटला. मोठे अप्पा ट्रंकेच्या बिजागरीला तेल द्यायला वाकले, सुटलेला रंग दिसला, डबा दिसला. तो हातात घेऊन ते अंगणात आले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. चेहरा असा उतरला होता की मला रडू आलं.

"म्हंजे माझ्या तेलानं धूर निघाला म्हणतोस?"

"तसं न्हाई, अप्पा..."

"बस इथं."

त्यांनी दोन बशा मागवल्या. एकीत करडीचं तेल, दुसरीत डब्यातलं. काडी ओढून आधी आपल्या तेलात बुडवली, विझली. दुसरी काडी दुकानाच्या तेलात, तीही विझली.

"बग. माझं पेटतंय व्हय? उलट तुझं ह्येच ट्रंकेचा रंग खाऊन राहिलंय. जे रंग खातंय ते ब्रेक खानार न्हाई व्हय?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. ज्याच्या एका थेंबानं ट्रंक सोलली जाते, ते गाडीच्या पोटात घालायचं आणि जे आपण रोज भाकरीवर घेतो ते नको, हे कुणाला पटेल? दाराआड आई उभी होती. त्या दिवशी संध्याकाळी तिनं अण्णांकडून दोन वायसरं मागवून घेतली, मिस्त्रीनं काढलेली जुनी नव्हे, नवी कोरी.

आईला रबराचं एक दुखणं ठाऊक होतं. आमच्या कुकरच्या रिंगा कधी टिकत नसत. तेलाच्या घरात राहून तिला सवय लागली होती, रिंग कडक झाली की तेलाचं बोट फिरवायची. आणि ती रिंग दिवसेंदिवस ढिली होऊन झाकणात बसेनाशी व्हायची. मोठ्या अप्पांना ती कसं सांगणार की तुमच्या तेलानं माझ्या रिंगा जातात? म्हशीलाही सांगितलं नव्हतं. यावेळी तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीत घाण्याचं तेल आणि वायसर, दुसरीत दुकानाचं आणि वायसर. वर ताटल्या झाकल्या आणि लोणच्याच्या बरण्यांमागे, वरच्या फळीवर ठेवल्या, आमचा हात पोचू नये म्हणून. "ह्ये इख हाय, हात लावायचा न्हाई," असं तिनं आम्हाला दटावलं. मग ती रोज ताटली उचलून बघायची. मी विचारलं तर म्हणायची, "मुरू दे."

त्याच सुमारास माझं नांदेडला वसतिगृहात जायचं ठरलं. जीपनंच सगळे पोचवायला निघणार होते. सकाळी सामान चढलं, आईनं धपाटे बांधले, आणि मोठे अप्पा धुतलेलं धोतर नेसून, विभूती लावून झारी घेऊन आले. वार सोमवार नव्हता.

"पोरगी लांब निघाली," ते म्हणाले. "आज माझ्या हातचं तेल पडल्याबिगर गाडी हलायची न्हाई. उघड बॉनेट."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आणि त्यांचा हात बॉनेटकडे गेला. मला वाटलं, संपलं. नांदेडपर्यंत किती उतार आहेत ते मी मनात मोजायला लागले.

तेवढ्यात आई बाहेर आली. दाराआड थांबली नाही, मला हाक मारली नाही. डोक्यावरचा पदर दातांत धरून सरळ अंगणातून चालत आली आणि मोठ्या अप्पांच्या समोर हात पुढे केला. तळहातावर दोन वायसरं होती. एक होतं तसं, दुसरं त्याच्या दीडपट, लिबलिबीत.

"भावजी," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला. तिनं पदर तोंडातून काढला आणि पुन्हा म्हणाली, "भावजी, ह्ये तुमच्या तेलातलं. अन् ह्ये दुकानाच्यातलं. मी सोता ठिवलं व्हतं. तेल तुमचं चांगलंच हाय, पर रबराला सोसत न्हाई. ह्या गाडीत माझी लेकरं बसत्यात."

अण्णांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला.

मोठ्या अप्पांनी सवयीनं मान माझ्याकडे वळवली. "म्हणावं तुझ्या आईला..." म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांना सापडेना. त्यांनी झारी खाली ठेवली, फुगलेलं वायसर दोन बोटांत घेतलं, तेल चोळून बघायचे तसंच दाबलं. ते बोटांत चेंगरून त्याचा कडेचा तुकडा सुटला. मग दुसरं दाबलं. ते घट्ट होतं. बराच वेळ ते दोन्ही दाबत राहिले.

"बाई," ते म्हणाले, आईकडे बघून, "आन् भाजीत? भाजीत बी दुकानाचंच आनायचं का आता?"

त्या प्रश्नात किती भीती होती ते मला आत्ता, हे लिहिताना कळतं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की त्यांची हनुवटी हलते आहे. ब्रेकचं निमित्त होतं. घरात आपलं काही लागतं की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"आता गं बया!" आई म्हणाली. "भाजीत रबर असतंय व्हय? भाजीला तुमचंच पायजे. दुकानाचं आनलं तर मी सैपाक करनार न्हाई, सांगून ठिवते."

अण्णा एकदम खोकले. ते हसू दाबत होते की रडू, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मोठ्या अप्पांनी दुकानाचं नवं डबडं मागून घेतलं, सील स्वतःच्या हातानं फोडलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि ब्रेकच्या डबीत खुणेपर्यंत, एकही थेंब न सांडता ओतलं. तेलाचा माणूस तो, हात हलला नाही. झाकण लावून फडक्यानं पुसलं आणि मग त्यांनी गाडीत पाऊल ठेवलं. एरवी ते पुढे अण्णांच्या शेजारी बसायचे. त्या दिवशी मला पुढे पाठवून ते मागे, आईच्या समोरच्या बाकावर बसले.

मावशीला भेटून पुढे जायचं होतं, म्हणून जीप आधी उदगीरकडे निघाली. त्याच उतारावर, जिथं धूर निघाला होता, अण्णांनी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली, पाय काढला तशी मोकळी पळाली. मी मागे वळून बघितलं. मोठे अप्पा बाक धरून जरा पुढे झुकले होते. गाडी अण्णा चालवत होते, पण त्यांनी विचारलं आईला.

"लागला का, बाई?"

"लागला, भावजी," आई म्हणाली. "सुटला बी."